काळ्या चिकण मातीत बाग : कलम खड्ड्यात बुडून मेलं, आता माती बदलू का?

आंबोळी | ६ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर रत्नागिरी. माती म्हणजे लाल, जांभ्याची, आणि पाऊस थांबला की तासाभरात अंगण चालण्याजोगं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मग बरीच वर्षं पुण्यात फ्लॅट आणि कुंड्या. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे परभणीला आलो. गावाबाहेर बैठं घर मिळालं आणि मागे २० बाय १० फुटांची मोकळी जागा. मी हरखलेच.

ही काळी माती म्हणजे प्रकरण आहे हो. पावसात मागे गेले तर चप्पल तिथेच राहते आणि मी पुढे. आत्ता उन्हाळ्यात बघाल तर जमीन अशी फाटली आहे की लेकाने परवा त्याची फूटपट्टी भेगेत घातली, ती आख्खी आत गेली. काढताना तुटली, त्याचं रडणं वेगळंच.

आता मूळ दुःख. गेल्या जूनमध्ये माणूस लावून ३ बाय ३ बाय ३ फुटांचा खड्डा घेतला. काळी माती बाहेर टाकली, नर्सरीतून आणलेली लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. आईने रत्नागिरीहून पाठवलेलं हापूसचं कलम मधोमध लावलं. जुलैत पानं मलूल दिसली, मला वाटलं खत कमी पडतंय. ऑगस्टअखेर पानं वाळली, पण गळेनात, नुसती लटकत राहिली. शेवटी उपटलं तर खड्ड्यात तळाला पाणी, गटारासारखा वास, आणि मुळं दोन बोटांत धरून ओढली तर साल मोज्यासारखी निघून हातात आली. आत नुसता दोरा.

बेत असा आहे की दोन फूट काळी माती काढून टाकायची आणि लाल भरायची. ट्रॅक्टरवाला ४ ब्रास म्हणतोय. की अर्धीअधिक माती तशीच ठेवून वाळू मिसळू? पाऊस यायच्या आत ठरवायचं आहे.

शंकासूर | ६ एप्रिल

काळ्या रानासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि तुम्ही तेच पदरचे पैसे देऊन फेकताय! पत्ता कळवा, ट्रॉली घेऊन येतो. भाडं माझं.

बाभुळबन | ६ एप्रिल

ताई, माती फेकू नका. शंकासूर चेष्टेत बोलले तरी खरं बोलले.

मी हिंगोलीकडचा. शाळेत मास्तर होतो, आता पूर्णवेळ शेती. तुमचं कलम मातीनं मारलं नाही, खड्ड्यानं मारलं. भोवताली काळी चिकण माती म्हणजे मडकं. त्यात तुम्ही भुसभुशीत लाल माती भरली. पावसाचं पाणी त्या लाल मातीत भराभरा उतरलं आणि मडक्याच्या तळाशी साचलं. बाहेर जायला वाटच नाही. खड्डा जितका खोल, तितका हौद मोठा. आता दोन फूट माती बदलली तर २०० चौरस फुटांचा हौद होईल, दुसरं काय?

आपल्याकडे झाड खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावायचं. वरंबा करा, गादीवाफा करा, मातीचा ढीग करा, पण मुळं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच राहू द्या.

दुसरी गोष्ट वापसा. हा शब्द तुमच्या रत्नागिरीला फारसा लागत नसेल, इथे सगळं त्यावर चालतं. माती ओली असताना कुदळ लावली की जी ढेकळं निघतात ती वाळून वीट होतात, वर्षभर फुटत नाहीत. फार वाळली तर पहारही उडते. मधले चार-सहा दिवस असतात तेवढेच आपले. वितभर खालची मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वापसा. चपटा होऊन चिकटला तर घरात जाऊन बसा.

मृद्गंध | ७ एप्रिल

बाभुळबन काकांना +१. मी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, थोडं ‘का’ सांगते.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झाली आहे. तिच्यातल्या चिकणकणांत स्मेक्टाइट गटातलं खनिज जास्त असतं. कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर, त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की थर फुगतात, पाणी गेलं की आवळतात. म्हणून पावसाळ्यात दार लावल्यासारखी बंद आणि उन्हाळ्यात भेगा. पण भेगांना शिव्या देऊ नका. वरची सुकी माती, पालापाचोळा त्यात पडतो, पहिला पाऊस थेट खोल जातो, आणि माती आपोआप खालीवर होते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते.

वाळूचं गणित करू. २०० चौरस फूट, खोली एकच फूट धरली तरी २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास माती. वाळूचा खरा गुण दिसायला मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळूच हवी. म्हणजे दोन ब्रासच्या वर वाळू, आणि बाग फूटभर उंच. त्याहून कमी टाकली तर काय होतं? गुळाच्या पाकात मूठभर शेंगदाणे टाकले म्हणून पाक मऊ होत नाही, चिक्की होते. तसंच.

खरा उपाय सेंद्रिय पदार्थ. कुजलेलं शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा. त्यावर जगणारे जिवाणू आणि बुरशी चिकट द्रव सोडतात, त्याने मातीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ होतात. रव्यांच्या मधून हवा आणि पाणी जातं. फक्त आपल्या उष्ण हवेत हा माल झपाट्याने जळून जातो. एकदा घातला आणि सुटलो, असं होत नाही. पहिल्या वर्षी ३ इंच, मग दरवर्षी इंच-दीड इंच घालत राहायचं.

तोवर घरी दोन चाचण्या करा. एक, बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसेल, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, चिकणमाती दिवस-दोन दिवस घेईल. दोन, फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचंच मोजायचं, पहिलं पाणी भेगा पितात.

आंबोळी | ७ एप्रिल

चिक्की! कळलं. 😄 शंकासूर, ट्रॉली रद्द.

खताच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला जिप्समच्या दोन गोण्या टाका, माती लोण्यासारखी होईल. टाकू?

ऊसतोडा | ८ एप्रिल

थांबा. जिप्समवर मी बोलणार, आमची अर्धी हयात त्यात गेली. शिरोळकडचा आहे. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवट आणि चोपण झाल्या.

चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो, त्यामुळे मातीचे कण सुटे होऊन सगळी भोकं बुजवतात. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतो, पण हुसकावलेला सोडियम वाहून जायला चर पाहिजेत. निचरा नसेल तर तो तिथंच बसतो. आणि तुमची माती चोपण नसेल तर जिप्समनं काही बिघडत नाही, पण पैसे मात्र गेले. सगळ्या काळ्या माती चोपण नसतात, हे दुकानदार सांगत नाही.

साधी तपासणी : वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. बोअरवेलचं पाणी नको, त्यातले क्षार फसवतात. ग्लास हलवायचा नाही. खडा फुटून तळाला ढीग झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर घाबरू नका. खड्याभोवती दुधासारखा ढग धरला, तर चोपणची शंका. मग प्रयोगशाळा. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्समचं बोला. तुमच्या तर गावातच कृषी विद्यापीठ आहे, माती तपासून घ्या की.

भिंगरी | ८ एप्रिल

नाशिकहून. मी सहा वर्षांत एकदाही कुदळ लावलेली नाही. जमिनीवर पुठ्ठे अंथरले, त्यावर सोसायटीतला पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर शेणखत. गांडुळांनी बाकीचं केलं. खणणं म्हणजे त्यांची घरं मोडणं. सुतारकामाचा भुसाही भरपूर टाकते.

मृद्गंध | ८ एप्रिल

भिंगरीताई, भुसा वर आच्छादन म्हणून चालेल, मातीत मिसळू नका. तो कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. आणि प्लायवूडचा नको.

बाभुळबन | ९ एप्रिल

न खणण्याचं पटतं, पण बंगल्याच्या जागेत पहिल्यांदा एकदा तरी फोडावी लागते. बांधकामाच्या वेळी त्यावरून ट्रक, मिक्सर गेलेले असतात, खाली फरशीसारखा थर झालेला असतो. मातीत मलब्याचा चुनाही असतो. आत्ता एप्रिल-मेमध्ये पहारेनं मोठी ढेकळं काढून उन्हात तापू द्या. वळवाच्या एका सरीत ती आपोआप विरघळून भुगा होतात, हातानं फोडू नका. त्यानंतर भिंगरीताई म्हणतात तसं करा.

भिंगरी | ९ एप्रिल

काका, माझीही बंगल्याचीच जागा होती. पण असो, तुमचं रान तुम्हाला ठाऊक.

खडीकर | १० एप्रिल

सिव्हिल इंजिनियर. बागेतलं मला कळत नाही, पण कोणी घराचं बोललंच नाही म्हणून लिहितो.

ही माती फुगते-आवळते तेव्हा वर जे असेल ते हलवते. तिच्यासाठीच रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर गोळा असलेले पाइल (पायाचे जमिनीत खोल जाणारे खांब) विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खाली ओलाव्याचा चढउतार फारसा पोचत नाही, तिथे तो गोळा बसवायचा. जुन्या बैठ्या घरांना असं काही नसतं. म्हणून वाफे भिंतीला चिकटवू नका. भिंतीपासून चार-पाच फूट सोडा, उतार घराच्या बाहेर ठेवा, कडेने फरशीचा पट्टा असू द्या. एका बाजूला रोज पाणी आणि दुसरी बाजू कोरडी, असं झालं की दार घासायला लागतं आणि भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. मोठी झाडं तर आणखी लांब.

डॅलसवासी | १० एप्रिल

खडीकरांचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे लोक उन्हाळ्यात घराच्या पायालाच पाणी घालतात! उत्तर टेक्सासच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, माती हुबेहूब आपली, काळी, भेगाळणारी. जमीन आवळून घर खचू नये म्हणून भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर झिरपणारा पाइप टाकून ठेवतात. सूत्र एकच, ओलावा सगळीकडे सारखा राहिला पाहिजे.

बागेसाठी इथे भट्टीत फुगवलेल्या शेल दगडाची खडी कंपोस्टबरोबर मिसळतात. सच्छिद्र असते आणि कुजत नाही. माझ्या वडिलांनी लातूरला हेच काम विटांच्या चुऱ्याने केलं होतं, तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

संत्रीवाला | १२ एप्रिल

भाऊ, लिंबूवर्गीय काही लावणार असाल तर ऐका. आमच्या नागपूरकडे संत्र्याला काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी राहिलं की डिंक्या येते. सालीतून डिंक गळतो आणि झाड जाते. कलमाचा डोळा (जोड) जमिनीपासून वीतभर तरी वर राहू द्या, बुंध्याला मातीची भर देऊ नका. दुहेरी आळं करा, आतल्या गोलात बुंधा कोरडा, पाणी बाहेरच्या गोलात. बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).

दुसरं, चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. लोह असते मातीत, पण झाडाले मिळत नाही. हिराकस (लोहाचं खत) मातीत टाकाल तर वाया जाईल, फवारा.

आंबोळी | १२ एप्रिल

ताई आहे मी, भाऊ नाही. पण आभार!

शंकासूर | १२ एप्रिल

आमच्या आत्याबाई चुलीची राख टाकायच्या काळ्या मातीत. राख चालते का?

मृद्गंध | १२ एप्रिल

आधीच अल्कधर्मी मातीत राख आणि चुना दोन्ही नकोत. आत्याबाई भांडी घासून उरलेली टाकत असतील, तेवढी चालायची.

आंबोळी | २५ मे

अहवाल देते.

बरणी : सहा इंच मातीत तळाला बोटाच्या पेराएवढी वाळू, बाकी काळंच. तिसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळ. सासूबाईंनी ताक समजून झाकण उघडलं. खड्डा : पहिलं पाणी अर्ध्या तासात गडप, मी नाचले. दुसरं संध्याकाळी भरलं, सकाळी अजून चार इंच शिल्लक. खडा : पाणी नितळ राहिलं. प्रयोगशाळेत सामू ८.१ आला, सोडियम ठीक. जिप्समचे पैसे वाचले. ऊसतोडा, देव तुमचं भलं करो.

लांबीत घराच्या बाजूने पाच फूट जागा सोडली. उरलेल्या जागेत चार-चार फुटांचे दोन वाफे, मध्ये दोन फुटांचा चर. चरातली माती उचलून वाफ्यांवर टाकली, त्यामुळे वाफे आपोआप उंच झाले, बाहेरून एक घमेलंही आणलं नाही. चराचा शेवट रस्त्याकडच्या नाल्याला काढला. शेणखत अर्धा ब्रास सांगितलं होतं, आलं त्यात निम्मी माती आणि एक तुटकी बादली. गरम लागत होतं म्हणून महिनाभर ओलं करून झाकून ठेवलं आहे.

बाभुळबन | २५ मे

चांगलं केलंत. कच्चं शेण घातलं असतं तर हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण होतं. चर आणि वाफ्याचं हे गणित शेतातही आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत विकसित केली, आता आमच्याकडे सोयाबीन त्यावर पेरतात. जास्तीचं पाणी सरीतून जातं, वरंब्यात वापसा राहतो.

एक वाफा यंदा मोकळा सोडून त्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. फुलावर यायच्या सुमाराला, दीड महिन्यानं, कापून तिथंच गाडा. जिथं पाणी थांबतं तिथं तागाऐवजी धैंचा.

आंबोळी | १९ जुलै

एक कबुली. गेल्या आठवड्यात पाऊस नुकताच उघडला होता, डाव्या वाफ्यात गवत फार दिसलं, राहवलं नाही. वाफ्यावर पाय ठेवून कोपऱ्यातलं गवत काढलं. दहा मिनिटंच. आज तो कोपरा बघा, माझ्या पावलांचे ठसे जसेच्या तसे वाळले आहेत, चपलेची नक्षीसुद्धा. खुरपं मारलं तर टण्ण आवाज येतो. शेजारच्या फुटावर माती चुरते. काका, लाडू वळून बघायला हवा होता.

बाकी चरात दोन दिवस पाणी उभं होतं आणि वाफे वर कोरडे होते. मी छत्री घेऊन बघत उभी राहिले.

बाभुळबन | १९ जुलै

तो कोपरा आता दिवाळीपर्यंत विसरा. वर पालापाचोळा टाकून ठेवा. फळी टाकून तिच्यावर पाय ठेवायची सवय लावा.

आंबोळी | ११ ऑक्टोबर

भेंडी, गवार भरपूर झाली. दसऱ्याला झेंडू घरचा होता. गुलाबाची पानं पिवळीच आहेत, हिराकसाच्या फवारणीने नवी पानं थोडी सुधारली. शेवंतीची दोन रोपं गेली, का ते कळलं नाही.

तागाच्या वाफ्यात खुरपं मुठीपर्यंत जातं, पण त्याच्याखाली जैसे थे, तीच चिकट काळी. वरच्या पाच-सहा इंचांतच फरक आहे. उन्हाळ्यात भेगा येतात का ते बघायचं. उसाचं पाचट अंथरून ठेवलं आहे.

आंब्याचंही सांगते. दीड फूट उंचीचा आणि पाच फूट रुंदीचा ढीग करून, घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात कलम लावलं. केशर. इथे सगळ्यांकडे तोच चांगला येतो. पावसाळा काढला त्याने, दोन नवे फुटवे आहेत, तांबूस. आईला अजून सांगितलेलं नाही. ती दिवाळीला येणार आहे, आणि तिच्या लेखी हापूस सोडून बाकीच्यांना आंबा म्हणत नाहीत.

आता नवं दुखणं. गेल्या वर्षीची ती लाल माती खड्ड्यातून काढून मी वाफ्याच्या टोकाला पसरली होती. तिथून लव्हाळा आला आहे. रोज उपटते, रोज दुप्पट येतो.

बाभुळबन | ११ ऑक्टोबर

नर्सरीच्या मातीबरोबर गाठी आल्या. वरून उपटलं की खालच्या गाठींची साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ वेगळी फुटते. वापसा बघून खालपर्यंत खणा, माती चाळा, गाठी वेचून उन्हात वाळवा. कंपोस्टात अजिबात टाकू नका.

आंबोळी | ११ ऑक्टोबर

आज सकाळी सगळ्या कंपोस्टातच टाकल्या. जाते, बाहेर काढते.